घरून काम करणाऱ्या ट्रॅव्हल एजंटसाठी: ऑनलाइन सत्रातून ग्राहक कसे मिळवाल?

पुण्यात घरून ट्रॅव्हल एजन्सी सुरू करणाऱ्यांचे मला फोन येतात, तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. ओळखीतल्यांची बुकिंग झाली, आता पुढचा ग्राहक कुठून आणायचा? मोठ्या कंपन्यांच्या पानभर जाहिराती येतात, सुट्ट्यांच्या आधी हॉलमध्ये त्यांची प्रदर्शनं भरतात. आपल्याकडे रस्त्यावरचं दुकान नसतं की पाटी नसते. एक लॅपटॉप, एक फोन आणि कामाची माहिती, एवढंच भांडवल. त्यावर ऑनलाइन सत्र, म्हणजे व्हिडिओ कॉलवर लोकांना एखाद्या सहलीची माहिती देणारी बैठक, नक्की घेता येतं.

सहलीसाठी लाख-दोन लाख रुपये देणारा माणूस आधी आपल्याला पारखून घेतो. आपण बोलतो कसं, अडचणीचा प्रश्न आला की सरळ उत्तर देतो की वेळ मारून नेतो, हे त्याला बघायचं असतं. दुकान नसलेल्या एजंटला अशी पारख करून घ्यायची संधी सहसा मिळत नाही, ती सत्रात मिळते. म्हणून सत्राच्या वेळी बुकिंगच्या मागे लागू नका. समोरच्यांची एखादी खरी अडचण तिथल्या तिथे सोडवा. बुकिंग पुढच्या दोन-तीन दिवसांत फोनवर होतं. पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

१. आधी कागद पूर्ण करा

"तुमची एजन्सी नोंदणीकृत आहे का?" हा प्रश्न पहिल्याच सत्रात येतो. तेव्हा चाचपडायला लागू नये म्हणून एवढं हाताशी ठेवा:

- उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी असतात.
- शॉप अॅक्टची पावती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते.
- व्यवसायाच्या नावाचं चालू खातं आणि त्याच खात्याला जोडलेला क्यूआर कोड.
- पॅन, आणि परदेशी पॅकेज विकणार असाल तर टॅनसुद्धा (ग्राहकाकडून आयकर गोळा करून भरणाऱ्याला लागणारा क्रमांक).
- रद्द करण्याच्या अटी, एका पानावर, मराठीत.
- ज्या पुरवठादाराकडून हॉटेल-गाड्या घेता त्याने दर आणि अटी लिहून पाठवलेला ईमेल.

जीएसटीबाबत नवीन लोक एका ठिकाणी हमखास फसतात. सेवा देणाऱ्यांना वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि "माझं कमिशन तर दोन-तीन लाखच आहे" असं म्हणून ते निवांत राहतात. पण पॅकेजचं बिल तुम्ही स्वतःच्या नावाने फाडत असाल तर पॅकेजची पूर्ण रक्कम तुमची उलाढाल धरली जाते. २० जणांचा एखादा परदेशी ग्रुप झाला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पुरवठादार थेट ग्राहकाला बिल देतो आणि तुम्हाला फक्त कमिशन मिळतं, ही व्यवस्था वेगळी. तुमची कोणती आहे हे सीएला विचारून सत्राच्या आधी ठरवा, कारण सत्रात सांगायची किंमत त्यावर ठरते.

परदेशी टूर पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, गोळा करावा लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पांमध्ये बदलत आले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीची स्लाइड तशीच वापरू नका. सत्राच्या आठवड्यात चालू दर तपासून घ्या. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, हेही लोकांना सांगा. बऱ्याच जणांना तो एजंटचा छुपा आकार वाटतो.

प्रवास विमा स्वतः विकायचा तर विमा नियामकाच्या नियमांनुसार वेगळी पात्रता लागते. ती नसेल तर विमा का घ्यावा एवढं समजावून सांगा आणि खरेदी ग्राहकाला थेट करू द्या.

२. विषय: एका सत्रात एकच प्रश्न

"युरोप, दुबई, काश्मीर: भरघोस सवलती" असलं पोस्टर काढू नका. असल्या सत्राला येतात ते फक्त भाव बघायला येतात आणि भाव बघून जातात. विषय इतका नेमका हवा की पोस्टर वाचणाऱ्याला "हे माझंच चाललंय" असं वाटलं पाहिजे.

"चारधाम यात्रा" हा विषय झाला नाही. "सत्तरीतल्या आई-बाबांना केदारनाथला कसं न्यावं?" हा झाला. याला कोण येईल हे लगेच डोळ्यांसमोर येतं: कोथरूड-कर्वेनगरचे ज्येष्ठ आणि त्यांची हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी मुलं. त्यांना सांगण्यासारखंही भरपूर आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडापासूनची चढण १६ ते १८ किलोमीटरची आहे. यात्रेसाठी उत्तराखंड सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे आणि हेलिकॉप्टरचं तिकीट काढायलाही तो नोंदणी क्रमांक लागतो. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं अधिकृत बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं. तशाच दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवर दरवर्षी लोकांचे पैसे जातात. ही शेवटची गोष्ट सांगितली की समोर वही-पेन निघतात. तुम्ही त्यांचे पैसे वाचवलेले असतात, आणि तेही तुम्हाला एक रुपया न मिळता.

विषयाला मुहूर्तही असतो. बद्रीनाथाचं दार उघडण्याची तारीख वसंत पंचमीला जाहीर होते, केदारनाथाची महाशिवरात्रीला. म्हणजे महाशिवरात्रीनंतरचा आठवडा या सत्रासाठी उत्तम: तारीख हातात आलेली असते आणि घरोघरी चर्चा सुरू झालेली असते. एप्रिलमध्ये हेच सत्र घेतलंत तर चांगल्या खोल्या गेलेल्या असतील. रेल्वेने जाणारे असतील तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सत्र त्याच्याही आधी झालेलं हवं.

आणखी काही विषय देते. ते तसेच उचला किंवा तुमच्या माहितीप्रमाणे बदला.

नेपाळला विमानाने जाताना कुठला कागद चालतो? भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून लोक आधार कार्ड घेऊन विमानतळावर पोचतात. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना. मुक्तिनाथ-पशुपतिनाथाला जाणाऱ्या भजनी मंडळांमध्ये या एका माहितीवर सत्र भरतं.

लहान मुलांना घेऊन लेह. शहर साधारण ३,५०० मीटरवर, पहिले दोन दिवस विश्रांतीचे, पँगाँग आणि नुब्राचा क्रम कसा लावायचा. इथे औषधांबद्दल स्वतः काही बोलू नका. ओळखीच्या डॉक्टरांना वीस मिनिटं बोलवा आणि तो भाग त्यांच्यावरच सोपवा.

पहिला परदेश प्रवास. पासपोर्ट किती महिने वैध हवा (बरेच देश सहा महिने मागतात), मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काय-काय न्यायचं, पुण्याहून थेट विमानं मोजकीच असल्यामुळे मुंबईपर्यंतचा प्रवास कसा आखायचा.

अमेरिकेतल्या मुलांकडे पहिल्यांदा एकट्याने जाणारे आई-बाबा. विमान बदलताना काय करायचं, व्हीलचेअर कशी मागायची, इमिग्रेशनला काय विचारतात. यात पॅकेज विकायचं नसतं, फक्त तिकीट असतं. पण या ग्राहकासारखा पुढे टिकणारा ग्राहक मी दुसरा पाहिला नाही, कारण मुलं तिकडे असतात तोवर त्यांचं जाणं-येणं चालू राहतं.

तुम्हाला ज्याची खात्रीची माहिती आहे असाच विषय घ्या. देश न पाहता त्याच्यावर सत्र घ्यायचंच असेल तर आधी शिकून घ्या. ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांची पर्यटन मंडळं एजंटांसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देतात.

३. दिवस आणि वेळ

ज्येष्ठांसाठी संध्याकाळी पाच. सहाला ते फिरायला बाहेर पडतात आणि रात्री आठनंतर जेवण, मालिका, औषधं असा क्रम ठरलेला असतो. नोकरदारांसाठी शनिवारी सकाळी अकरा किंवा कामाच्या दिवशी रात्री नऊ. संध्याकाळी सात नकोच. हिंजवडी किंवा मगरपट्ट्याहून निघालेला माणूस तेव्हा गाडीत असतो.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा, बोर्डाच्या परीक्षांचा काळ आणि भारताचा क्रिकेटचा महत्त्वाचा सामना, हे सगळं कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बऱ्याचदा गुरुवारी निघतात. सत्र रात्री असलं तरी दुपारची चाचणी त्यात अडकते, म्हणून मी गुरुवार टाळते.

४. साधनं

सुरुवातीला काही विकत घेऊ नका. लॅपटॉप, वायरचा इअरफोन, खिडकीसमोरची किंवा टेबललॅम्पसमोरची जागा आणि मागे साधी भिंत, एवढं पुरतं. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बसतात, आवाज तुटला की उठून जातात. त्यामुळे पहिला खर्च करायचाच तर माइकवर करा आणि दुसरा राउटरच्या छोट्या यूपीएसवर.

झूमच्या मोफत खात्यात १०० जण येऊ शकतात, पण सत्र ४० मिनिटांत बंद होतं. गूगल मीटच्या मोफत खात्यात तेवढेच जण आणि ६० मिनिटं मिळतात. नवीन माणसाने मीटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. लिंक दाबली की लोक आत येतात, आणि ज्येष्ठांना "अॅप उतरवून घ्या" हे सांगावं लागणं म्हणजेच निम्मे प्रेक्षक गमावणं असतं. मीटच्या मोफत खात्यात रेकॉर्डिंग होत नाही, झूमच्या मोफत खात्यात ते आपल्या संगणकावर होतं. सत्रं नियमित व्हायला लागली की एक महिन्याचं झूम घेऊन बघा.

यूट्यूब लाइव्ह मी ग्राहक मिळवण्यासाठी वापरत नाही. त्यात समोर कोण बसलंय ते कळत नाही, आणि आपल्याला तर माणसं ओळखायची असतात. तरीही करायचं असेल तर दोन गोष्टी: चॅनलवर लाइव्ह पहिल्यांदा सुरू करायला २४ तास लागू शकतात, आणि मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सदस्य लागतात.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. घरातला दुसरा फोन मोबाइल डेटावर ठेवून त्यावरून प्रेक्षक म्हणून आत या. समोरच्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते कळतं, आणि वायफाय गेलं तर त्याच फोनवरून बोलणं चालू ठेवता येतं.

फोटो गूगलवरून उचलू नका. ते कोणाच्या तरी मालकीचे असतात. स्वतःचे, ग्राहकांनी परवानगी देऊन पाठवलेले किंवा पर्यटन मंडळांनी एजंटांसाठी दिलेले फोटो वापरा. भारतातल्या ठिकाणांसाठी पर्यटन मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अतुल्य भारतचं कंटेंट हब सुरू केलं आहे, तिथे फोटो आणि व्हिडिओ मिळतात. पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणंही लावू नका. समाजमाध्यमांवर त्याचा आवाज बंद होतो किंवा अख्खा व्हिडिओच काढला जातो.

५. लोकांना बोलवायचं कसं

पैसे देऊन केलेल्या जाहिराती सुरुवातीला नकोत. पहिली तीस-चाळीस माणसं तुमच्या ओळखीतून एक पायरी पुढे बसलेली असतात: सोसायटीचा गट, सकाळी टेकडीवर किंवा बागेत भेटणारा ज्येष्ठांचा गट, भिशी, योगवर्ग, शाळेतले जुने वर्गमित्र, पतपेढीतले सहकारी. प्रत्येक गटात पोस्टर स्वतः टाकू नका. त्या गटातल्या एखाद्या मानाच्या माणसाला फोन करून विचारा: "काकू, केदारनाथवर माहितीचं सत्र घेतेय, विक्री नाही, तुमच्या गटात पाठवाल का?" त्यांच्या हातून गेलेला निरोप वाचला जातो. आपण टाकलेला "परत जाहिरात" म्हणून वर सरकवला जातो.

व्हॉट्सअॅप बिझनेस वापरा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. नवीन एजंट दोनशे जणांना निरोप पाठवतात आणि उत्तरं का आली नाहीत म्हणून खचतात. खरं तर तो निरोप बहुतेकांपर्यंत गेलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक नव्या ओळखीला आधी "माझा नंबर सेव्ह करून ठेवा" असं सांगा.

नोंदणीसाठी गूगल फॉर्म बनवा आणि त्यात चारच प्रश्न ठेवा: नाव, व्हॉट्सअॅप नंबर, सोबत कोण जाणार आहे, आणि "तुमच्या मनातला एक प्रश्न". हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. सत्राच्या आधीच लोक काय विचारणार ते कळतं आणि त्यावरच तुमची मांडणी बनते. मला वाटायचं लोक मंदिराबद्दल, दर्शनाच्या वेळेबद्दल विचारतील. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं: खोलीत कमोड आहे का, पहाटे चहा मिळेल का, गुडघे दुखतात तर लिफ्ट असेल का, कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळेल का. हे प्रश्न चारचौघांत विचारायला माणसं संकोचतात. तुम्ही ते आपणहून काढून उत्तर दिलंत की समोरचा निर्धास्त होतो.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ हवी: "या सत्राची आणि संबंधित सहलींची माहिती मला व्हॉट्सअॅपवर पाठवायला माझी संमती आहे." २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच संमती हा आहे. लोकांचे नंबर घेऊन त्यांना न विचारता गटात टाकणं तसंही वाईटच दिसतं. आणि फॉर्ममध्ये पासपोर्ट किंवा आधारचा फोटो मुळीच मागू नका. बुकिंग ठरल्यावर तो थेट तुमच्या व्यवसायाच्या ईमेलवर घ्या, गटात कधीही नाही.

आठवण दोनदा द्या: आदल्या संध्याकाळी एकदा आणि सुरू व्हायच्या अर्ध्या तासाआधी एकदा. दुसऱ्या वेळी लिंक पुन्हा पाठवा, आधीची वर गेलेली असते. नोंदवलेल्यांपैकी निम्मे आले तरी ते चांगलं सत्र समजा.

६. प्रत्यक्ष सत्र

पन्नास मिनिटांपेक्षा लांबवू नका. पंधरा मिनिटं आधी आत जा. येणाऱ्याला नावाने हाक मारा. ज्येष्ठांना काका-काकू, मावशी. तरुणांना नाव घेऊन, पण "तुम्ही" म्हणून. कुठून बोलताय, कुठे-कुठे जाऊन आलात हे विचारा. पहिल्या पाच मिनिटांत चार माणसं बोलली की प्रश्नांच्या वेळी शांतता पडत नाही.

सुरुवात अशी करा: "नमस्कार. आज आपण केदारनाथला ज्येष्ठांना कसं न्यायचं एवढंच बोलणार आहोत. पॅकेजबद्दल शेवटची पाच मिनिटं बोलेन, ज्यांना नको त्यांनी तेव्हा निघालात तरी चालेल." असं आधीच सांगितलं की लोक सावध बसत नाहीत, मोकळे होतात.

पुढची पंचवीस मिनिटं माहिती. स्लाइड कमी, नकाशा एक, फोटो मोठे. स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवू नका. अवघड भाग लपवू नका. चढण दमवणारी आहे, हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर रद्द होतं, खोल्या पुण्यातल्या हॉटेलसारख्या नसतात, हे तुम्हीच स्पष्ट सांगा. ज्यांना हे झेपणार नाही त्यांना "तुम्ही बद्रीनाथ करा, केदारनाथ राहू द्या" असं म्हणण्याची तयारी ठेवा. एखादं बुकिंग जाईल, पण सत्रातला प्रत्येक जण ते वाक्य लक्षात ठेवेल.

त्यानंतर दहा मिनिटं जाऊन आलेल्या ग्राहकाला द्या. सत्रातला हा भाग सर्वांत जास्त काम करतो आणि नवखे तोच वगळतात. एखाद्या काकूंना आधी विचारून, संमती घेऊन बोलवा. त्यांना काय बोलायचं ते पढवू नका. काय आवडलं आणि काय त्रासाचं झालं, दोन्ही सांगा एवढीच विनंती करा. त्यांनी "पहिल्या रात्री खूप थंडी वाजली, जास्तीचं पांघरूण मागावं लागलं" असं सांगितलं तर दचकू नका. तेवढ्यानेच बाकीचं खरं वाटतं. ज्यांच्याकडे अजून असा ग्राहक नाही त्यांनी स्वतःच्या नातेवाइकांचा अनुभव घ्यावा, पण "या माझ्या मावशी आहेत" हे उघड सांगून.

मग प्रश्न. फॉर्ममधले आधी घ्या, चॅटमधले नंतर. चॅट बघायला घरातलं कोणीतरी शेजारी बसवा. बोलता-बोलता चॅट वाचणं जमत नाही. उत्तर माहीत नसेल तर "उद्या दुपारपर्यंत विचारून कळवते" म्हणा आणि खरंच कळवा.

आणखी एक सावधगिरी: आत येताना सगळ्यांचे माइक बंद राहतील आणि स्क्रीन दाखवण्याचा अधिकार फक्त तुमच्याकडे राहील असं आधीच करून ठेवा. झूममध्ये वेटिंग रूम (येणाऱ्याला बाहेर थांबवून मग आत घ्यायची सोय) चालू ठेवा. खुल्या लिंकवर नको ती माणसं घुसतात. रेकॉर्डिंग करत असाल तर सुरुवातीलाच सांगा.

७. "खर्च किती येईल?"

हा प्रश्न टाळलात तर आधीचं सगळं वाया गेलं समजा. "ते आपण वैयक्तिक बोलू" हे उत्तर पुण्यात चालत नाही. लोकांना वाटतं, माणूस बघून भाव सांगणार. त्याउलट पुरवठादाराशी न बोलता नक्की आकडा सांगितला तर तो स्क्रीनशॉट घेऊन ठेवला जातो, आणि विमानाचं तिकीट महागलं की भांडण होतं.

मधला मार्ग असा: किमान आणि कमाल आकडा सांगा, तो कोणत्या तारखेचा आहे ते स्लाइडवर लिहा, आणि त्यात काय नाही ते समाविष्ट गोष्टींपेक्षा मोठ्या अक्षरात लिहा. भूतानचं उदाहरण घ्या. भारतीय प्रौढाला तिथे प्रत्येक रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पाच रात्रींचे माणशी ६,००० झाले. काही कोटेशनमध्ये हे धरलेलं असतं, काहींमध्ये नसतं, आणि लोक दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून तुम्हाला महाग म्हणतात. तुम्ही शुल्क वेगळं काढून दाखवलंत तर ते दुसऱ्या कोटेशनमध्ये तीच ओळ शोधायला लागतात.

परदेशी सहलीसाठी वेगळे लिहायचे खर्च: जीएसटी, टीसीएस, व्हिसा, विमा, पुणे ते मुंबई विमानतळ गाडी, चालक आणि वाटाड्याची टिप, दुपारची जेवणं. मुंबईची गाडी नेहमी विसरली जाते. चौघांच्या कुटुंबाला तो लहान खर्च नसतो.

"आजच्या आज बुक केलंत तर सवलत" हे करू नका. घाईने पैसे भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरच्यांशी बोलून परत मागतो. त्यापेक्षा सत्राला आलेल्यांना सात दिवस तोच दर द्या, पुरवठादाराकडून तेवढी मुदत आधी लिहून घेऊन.

८. पुढचे तीन दिवस

त्याच रात्री सगळ्यांना एक पानाची पीडीएफ पाठवा: सत्रातली माहिती, अधिकृत संकेतस्थळांची नावं, कागदपत्रांची यादी. तुमचं नाव आणि नंबर तळाशी, एकदाच. ही पीडीएफ इतकी उपयोगी करा की न आलेल्या नातेवाइकालाही पुढे पाठवावीशी वाटेल.

दुसऱ्या दिवशी फोन, पण फक्त त्यांना, ज्यांनी तारीख, खर्च किंवा स्वतःच्या तब्येतीबद्दल विचारलं होतं. सकाळी दहा ते साडेबारा किंवा संध्याकाळी पाचनंतर. सुरुवात बुकिंगने करू नका: "काका, काल तुम्ही पाठीच्या दुखण्याचं विचारलं होतंत, मी हॉटेलला विचारलं, तळमजल्यावर खोली मिळू शकते." याच्यापुढे ते स्वतःच तारीख काढतात.

तिसऱ्या दिवशी लेखी कोटेशन. एकच पर्याय द्या, फार तर दोन. मुदतीची तारीख, रद्द करण्याच्या अटी आणि हप्ते स्पष्ट लिहा. पैसे फक्त व्यवसायाच्या खात्यात घ्या आणि त्याच दिवशी पावती द्या. घरच्यांच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतलेले पैसे हिशेबात गोंधळ करतात, आणि ग्राहकाच्या मनात शंका पेरतात ते वेगळंच.

काही जण कोटेशन घेऊन मोठ्या कंपनीकडे जातील, काही त्यावरून स्वतः बुकिंग करतील. जिथे तुमचे तीन-चार तास जाणार आहेत असा दिवसवार आराखडा मागितला तर नियोजन शुल्क घ्या आणि बुकिंग झालं की ते रकमेतून वजा करा. हे सत्रातच सांगून ठेवलं तर कोणाला खटकत नाही.

९. नोंद ठेवा

वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक सत्रापुढे पाच रकाने: किती नोंदले, किती आले, किती शेवटपर्यंत बसले, किती जणांनी खर्च विचारला, किती बुकिंग झाली. कुठे गळती आहे ते यावरून कळतं. नोंदले भरपूर आणि आले थोडे, तर वेळ चुकली किंवा आठवण पोचली नाही. आले पण अर्ध्यात गेले, तर माहिती पसरट होती. शेवटपर्यंत बसले पण कोणी खर्च विचारला नाही, तर विषय ऐकायला छान होता पण जायची निकड असलेली माणसं आली नव्हती. ही निकड बहुतेक वेळा फॉर्मच्या तिसऱ्या प्रश्नात दिसते. "सोबत कोण जाणार" याच्यापुढे नावं लिहिणारा जाणारच असतो, "अजून ठरलं नाही" लिहिणारा पुढच्या वर्षीचा.

पुढच्या वर्षीच्यांची यादी वेगळी ठेवा. त्यांना दर आठवड्याला पोस्टर पाठवू नका. पुढच्या हंगामात त्याच विषयाचं सत्र परत येईल तेव्हा एक निरोप पाठवा: "मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतंत, यंदाच्या तारखा जाहीर झाल्यात."